निठारीची मुलं कोणी मारली? सगळे सुटल्यावर उरलेले तर्क

पर्वतीपायथा

११ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सुरेंद्र कोलीची शेवटची शिक्षाही रद्द केली. निठारी प्रकरणात आता एकही माणूस दोषी नाही. त्या संध्याकाळी अभ्यासिका बंद करून घरी आले, बातमी वाचली आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. कारण २००७ मध्ये मी छातीठोकपणे सांगत होते, हाच तो. वस्तीतल्या बायकांना सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं. टीव्हीवर जे दाखवलं ते सगळं खरं धरून चालले होते.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. नोएडा, सेक्टर ३१, बंगला डी-५. मागे निठारी गाव, म्हणजे भाड्याच्या खोल्या आणि पोटासाठी दुसऱ्या राज्यांतून आलेली माणसं. तिथली मुलं एकामागून एक नाहीशी होत होती. २९ डिसेंबर २००६ ला बंगल्यामागच्या नाल्यात कवट्या आणि हाडं सापडली. बंगल्याचा मालक मोनिंदरसिंग पंढेर आणि घरगडी कोली यांना अटक झाली. जानेवारी २००७ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. गाझियाबादच्या न्यायालयाने कोलीला एकूण १३ खटल्यांत फाशी सुनावली. त्यातली एक शिक्षा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये मेरठच्या तुरुंगात फाशीची तयारी झाली होती, ती मध्यरात्रीच्या आदेशाने थांबली. २०१५ मध्ये दयेच्या अर्जाला लागलेल्या उशिरामुळे फाशीची जन्मठेप झाली. मग १६ ऑक्टोबर २०२३ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने बाकीच्या १२ खटल्यांत कोलीला आणि दोन खटल्यांत पंढेरला सोडलं. ३० जुलै २०२५ ला त्यावरची अपिलं फेटाळली गेली. उरला होता तो एकच खटला, आणि तोही नोव्हेंबरमध्ये संपला.

म्हणजे मुलं मेली हे नक्की. कोणी मारली, हे १९ वर्षांनंतर कोरं.

या कोऱ्या जागेत लोक काय काय भरतात ते मी गेले काही महिने ऐकते आहे. कोणी म्हणतं कोलीनेच केलं, वकिलांनी सोडवला. कोणी म्हणतं अवयवांचा धंदा होता, मोठे लोक वाचले. कोणी म्हणतं मालक आणि त्याच्याकडे येणारे-जाणारे, गडी नुसता पुढे केला. आणि एक तर्क असाही आहे की डी-५ चा यात संबंधच नव्हता, नाला सगळ्यांचा होता, तिथे कोणीही काहीही टाकू शकत होतं. मला प्रत्येक तर्क पुराव्यापाशी नेऊन तपासायचा आहे. जाणकारांनी लिहावं. एकच विनंती, मुलांची नावं कोणी लिहू नका.

जुनी_पेठ

सरळ बोलतो. मला कोली निर्दोष वाटत नाही. त्याने स्वतः न्यायाधीशापुढे कबूल केलं होतं, हाडं त्यानेच दाखवली. एवढं असून तांत्रिक मुद्द्यावर सुटला. त्या आईबापांना काय वाटत असेल?

काळा_कोट

'तांत्रिक मुद्दा' हा शब्द फार लागतो, म्हणून सविस्तर लिहिते. शिवाजीनगर कोर्टात वीस वर्षं फौजदारी खटले चालवते आहे.

हा सगळा खटला दोन खुंट्यांवर टांगलेला होता. एक कबुलीजबाब, दुसरी नाल्यातली जप्ती. बघितलेलं कोणी नाही.

कबुलीजबाब १ मार्च २००७ चा. त्याआधी कोली साधारण ६० दिवस पोलिसांच्या ताब्यात होता. त्या काळात त्याला धड वकिलाची मदत मिळाली नाही, वैद्यकीय तपासणी नाही. आणि त्या जबाबातच तो पुन्हापुन्हा सांगतो की मला मारलं, मला हे पढवलं. ज्या कागदावर माणूस गुन्हा कबूल करतो त्याच कागदावर तो म्हणतो की हे माझ्याकडून वदवून घेतलंय. मग त्यातलं अर्धं खरं धरायचं आणि अर्धं खोटं, हे कुठल्या न्यायाने?

आता जप्ती. पुराव्याच्या जुन्या कायद्यातलं कलम २७, नव्या कायद्यात ते २३ मध्ये आलं आहे. पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाचं बोलणं पुरावा होत नाही, पण त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. अट अशी की ती जागा त्याच्या सांगण्यामुळेच कळलेली हवी. उलटतपासणीत मी पंचाला पहिला प्रश्न हाच विचारते, 'तुम्ही पोहोचलात तेव्हा तिथे आधीच खणलेलं होतं का?' पंच 'हो' म्हणाला की जप्ती ढासळते. निठारीत लोक आणि पोलीस आधीपासून खणत होते. जागा उघडी, सगळ्यांना माहीत असलेली. कोली नेमकं काय म्हणाला याचा त्याच वेळी केलेला कागद शाबीत झाला नाही. कुठल्या कागदात दोघांनी मिळून दाखवलं असं, कुठल्या कागदात एकट्याने.

आणि घर? तज्ज्ञांनी ते घर तपासलं. इतकी माणसं तिथे मारली, कापली असं म्हणणं आहे, तर त्याला साजेसं रक्त किंवा अवशेष आत मिळाले नाहीत.

१२ खटल्यांत हाच पुरावा खोटा ठरतो आणि तेराव्यात खरा, हे टिकणार नव्हतं. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. सूर्यकांत आणि न्या. विक्रम नाथ यांच्या पीठाने तेच म्हटलं. क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे फेरविचारही फेटाळल्यावर उरलेला शेवटचा अर्ज, मंजूर होणं किती दुर्मिळ आहे, हे कोर्टात वावरणाऱ्यांना विचारा. त्याच निकालात न्यायालयाने खेदही व्यक्त केला आहे की इतक्या तपासानंतरही खरा गुन्हेगार कायद्याला पटेल अशा रीतीने समोर आला नाही.

जुनी_पेठ, कोलीने केलं नाही असं मी म्हणत नाही. त्यानेच केलं हे सांगणारा एकही धागा शाबूत नाही, एवढंच म्हणते.

जुनी_पेठ

जबाबातच मारहाणीचा उल्लेख आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. १९ वर्षांत एकाही बातमीत वाचल्याचं आठवत नाही. विचार करतो.

न्यायवैद्यक

अवयवांच्या तर्काबद्दल माझ्या विषयापुरतं लिहितो. निवृत्त आहे, शवविच्छेदनं पुष्कळ केली.

किडनी काढून घेणं म्हणजे खिशातून पाकीट काढणं नव्हे. रक्तगट जुळवावा लागतो, ऊतींची तपासणी लागते, घेणारा रुग्ण शेजारच्या टेबलावर किंवा काही तासांच्या अंतरावर तयार लागतो. बर्फात ठेवलेली किडनी साधारण एक ते दीड दिवस टिकते, हृदय चार-सहा तास. शस्त्रक्रियागृह, भूल देणारा, परिचारिका, नंतरची औषधं, एवढी माणसं यात गुंततात. बेकायदा धंदा चालतच नाही असं नाही. जानेवारी २००८ मध्ये गुडगावला मोठं किडनी रॅकेट उघडं पडलं, म्हणजे निठारीनंतर वर्षभरात आणि तिथून काही फार लांब नाही. पण असल्या धंद्यात सहसा गरीब प्रौढ माणसाला फसवून किडनी काढतात आणि त्याला जिवंत परत पाठवतात. लहान मुलं मारून नाल्यात टाकणं त्या धंद्याच्या हिशेबात बसत नाही. हे माझं मत.

आता दुसरी बाजू. सांगाडा किडनीबद्दल काहीच सांगत नाही. पोट उघडायला हाड कापावं लागत नाही, आणि मऊ भाग कुजून गेला की खूण संपली. त्यामुळे हाडं बघून 'अवयव काढले' असं म्हणता येत नाही आणि 'काढले नाहीत' असंही नाही. ते शोधायचं असतं रुग्णालयांच्या नोंदींत, फोनच्या नोंदींत, पैशांत. महिला व बालविकास मंत्रालयाच्या समितीने ही शक्यता तपासा असं सुचवलं होतं. शेजारच्या घरातल्या एका व्यक्तीला आधी किडनीच्या प्रकरणात अटक झालेली होती. ही बाजू नीट तपासली गेली नाही, असं उच्च न्यायालयाने २०२३ च्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे.

तपासलं नाही म्हणजे घडलं असा अर्थ होत नाही. पण ही शंका आता कायमची राहणार, आणि ती ज्यांनी तपासली नाही त्यांच्यामुळे राहणार.

डीएनएबद्दलही गैरसमज दिसतो. हैदराबादच्या प्रयोगशाळेत हाडांचा डीएनए आईवडिलांशी जुळवला. त्यातून मूल कोणाचं ते कळलं. मारणारा कोण, हे त्यातून कळत नाही. 'डीएनए जुळला' हे वाक्य ऐकून लोकांना वाटलं, गुन्हा शाबीत झाला.

परदेशस्थ

काही वर्षं अटलांटाला नोकरीला होतो. तिथे १९७९ ते १९८१ मध्ये तीसच्या आसपास खून झाले, बहुतेक गरीब कृष्णवर्णीय मुलं. वेन विल्यम्स पकडला गेला. १९८२ मध्ये त्याला शिक्षा झाली ती दोन प्रौढ पुरुषांच्या खुनासाठी, पुरावा मुख्यतः गालिच्याचे धागे आणि कुत्र्याचे केस. त्यानंतर मुलांची बहुतेक प्रकरणं पोलिसांनी त्याच्याच नावावर घालून बंद केली. २०१९ मध्ये महापौरांनी जुने पुरावे नव्याने तपासायला लावले. माझ्या ऑफिसातल्या एका वयस्कर बाई त्या काळात तिथल्या शाळेत होत्या. त्या म्हणायच्या, आम्हाला नाव दिलं गेलं, उत्तर दिलं गेलं नाही. निठारीत तर आता नावही राहिलेलं नाही.

सोसायटी_सचिव

सगळ्यांचं वाचलं. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. वर्षभरापेक्षा जास्त काळ मुलं गायब होतायत आणि आईवडील काय करत होते? आमच्याकडे मूल दहा मिनिटं दिसलं नाही तर आख्खी बिल्डिंग खाली उतरते. लक्ष ठेवायला नको?

पर्वतीपायथा

सचिव, राग न धरता उत्तर देते, पण देते.

निठारीतले आईवडील चौकीवर गेले होते, एकदा नाही, अनेकदा. त्यांना परत पाठवलं गेलं. 'पळून गेली असेल', 'कोणाबरोबर गेली असेल'. शेवटी धागा लागला तो एका तरुणीच्या मोबाइलमुळे, हँडसेट कुठे चालू आहे हे शोधत पोलीस कोलीपर्यंत आले. लहान मुलांकडे मोबाइल नव्हते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. २००९ मध्ये आमच्या अभ्यासिकेतला तिसरीतला एक मुलगा संध्याकाळी घरी आला नाही. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. रात्री नऊला मी तिच्याबरोबर चौकीवर गेले. कुठली चौकी ते लिहीत नाही. टेबलापलीकडच्या माणसाने वर न बघता सांगितलं, "पोरगं कंटाळून गेलं असेल, दोन दिवस वाट बघा." मग फोटो मागितला. तिच्याकडे मुलाचा एकट्याचा फोटोच नव्हता. ती घरी धावत गेली आणि शाळेचा वर्गाचा फोटो घेऊन आली, चाळीस मुलं चार रांगांत. तिने बॉलपेनने तिसऱ्या रांगेतल्या एका डोक्याभोवती गोल काढला. डोकं तांदळाएवढं. हात थरथरत असल्यामुळे गोल शेजारच्या मुलाच्या कानावरून गेला. तो माणूस म्हणाला, यात काय दिसणार? आणि फोटो परत केला. तक्रार लिहून घेतली नाही. तिने पदराने टेबलावरची शाई पुसली, मला आजही ते आठवतं, जणू चूक तिचीच होती.

तिसऱ्या दिवशी मुलगा दौंड स्टेशनवर सापडला. गाडीत बसला होता, उतरता आलं नाही. रेल्वेतल्या एका चहावाल्याने त्याला धरून ठेवलं होतं. आमचं नशीब. निठारीतल्या आयांनी काही वेगळं केलं नव्हतं. त्यांना तो चहावाला भेटला नाही.

म्हणून मला वाटतं की तुमचा माझा कुठलाही तर्क सुरू होतो तो नाल्यापाशी, आणि तो सुरू व्हायला हवा त्या चौकीच्या टेबलापाशी. पहिल्या मुलाची फिर्याद पहिल्या दिवशी घेतली असती तर कोण, कधी, कुठे शेवटचं दिसलं हे साक्षीदारांना ताजं आठवत असतं. वर्षा-दीड वर्षाने हाडं सापडल्यावर काय उरलं? एक कबुलीजबाब. तो पडला आणि हातात काहीच राहिलं नाही.

सोसायटी_सचिव

माझं वाक्य मागे घेतो. ताई, माफ करा.

आप्पा_हडपसर

ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मला ९६ साल आठवलं. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका आणि सीमा. त्या बायका काही काळ आपल्या पुण्यातच राहत होत्या. बातमी फुटली तेव्हा हडपसरला पोरं अंगणात सोडायची बंद झाली होती. माझी धाकटी चार वर्षांची, तिची आजी तिला साडीच्या पदराला गाठ मारून बाजारात न्यायची.

त्या प्रकरणात १३ मुलांचं अपहरण आणि नऊ खुनांचा आरोप होता. वरच्या कोर्टापर्यंत पाच खून सिद्ध झाले. म्हातारी खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात वारली, मुलींची फाशी जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली, दयेच्या अर्जाला फार उशीर झाला म्हणून.

दोन गोष्टी सांगतो. तिथे रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला, आणि त्याचं बोलणं दुसऱ्या पुराव्यांशी जुळलं. निठारीत असं कोणीच नाही. आणि ते प्रकरण उघडं पडलं कशामुळे? एका बाईने आपल्या मुलीसाठी तक्रार केली, माझा अमक्यावर संशय आहे म्हणून नाव सांगितलं, आणि पोलिसांनी तिचं ऐकलं. त्याआधी जी मुलं उचलली गेली त्यातली बरीच रस्त्यावरची, भीक मागणाऱ्यांची. त्यांच्यासाठी कोण चौकीवर जाणार आणि गेलं तर कोण लिहून घेणार?

आपण ते प्रकरण 'सुटलं' म्हणतो. पण आरोपातल्या नऊपैकी पाच सिद्ध झाले. बाकीच्या चौघांचं काय, याचं उत्तर तिथेही नाही.

धुळेकर_पुण्यात

तर्क करायला हरकत नाही, पण एक काळजी सगळ्यांनी घ्या. १ जुलै २०१८, राईनपाडा, तालुका साक्री. मुलं पळवणारी टोळी आली, असे मेसेज महिनाभर फिरत होते. आठवडी बाजारात भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना गावाने ठेचून मारलं. बहुतेक माणसं मंगळवेढ्याकडची. त्यातल्या एकाने तिथल्या एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, एवढंच निमित्त. माझं गाव तिथून फार लांब नाही. ग्रामपंचायतीच्या ज्या खोलीत त्यांना कोंडलं तिचे फोटो मी बघितलेत, ते डोळ्यांपुढून जात नाहीत.

मुलांचा विषय निघाला की माणूस लगेच पेटतो. म्हणून इथे कुठल्याही शेजाऱ्याचं, डॉक्टरचं, गड्याचं नाव घेऊन 'हाच असणार' असं लिहू नका.

आईपण

मला अवयवांचाच तर्क खरा वाटायचा. आता वाटतं, तो मला हवा होता म्हणून वाटत होता. एका गरीब घरगड्याने काही कारण नसताना इतकी मुलं मारली हे मनाला पेलत नाही. टोळी, पैसा, मोठे लोक असं काही असलं की निदान कारण तरी असतं. न्यायवैद्यक यांचं वाचल्यावर हे लक्षात आलं.

मालकाच्या तर्काबद्दल कोणी लिहिलं नाही अजून?

काळा_कोट

त्यात लिहिण्यासारखं फारसं नाही. पंढेरला २००९ मध्ये पहिल्या खटल्यात फाशी झाली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने सोडलं. बाकीचं २०२३ मध्ये संपलं. घर त्याचं होतं यापलीकडे खुनाशी जोडणारा टिकाऊ पुरावा पुढे आला नाही. संशय घ्यायला घर पुरतं, शिक्षेला पुरत नाही.

'डी-५ चा संबंधच नाही' हा तर्कही तसाच अर्धवट. नाला उघडा होता हे खरं, पण हाडं त्याच पट्ट्यात का, याचं उत्तर त्या तर्काकडेही नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर चारही तर्कांपैकी एकही आज पुराव्यावर उभा राहत नाही, आणि एकही पुराव्याने खोडून निघत नाही.

जुनी_पेठ

मग आता पुन्हा तपास होऊ शकतो का? की मुदत संपली?

काळा_कोट

खुनाला मुदत नसते. कायद्याने पुढचा तपास करता येतो, कोणीतरी तो मागावा लागेल. अडचण वेगळी आहे. साक्षीदार म्हातारे झाले किंवा पांगले, वस्तू १९ वर्षं जुन्या, आणि पहिला पंचनामाच कच्चा. हाडं जपून ठेवलेली असतील तर नव्या तंत्राने काही निघेलही. पण मी त्या आईवडिलांना खोटी आशा लावणार नाही.

पर्वतीपायथा

वकीलताई, मला एक विचारायचं आहे. उद्या माझ्या अभ्यासिकेतलं मूल हरवलं आणि चौकीवर पुन्हा 'दोन दिवस थांबा' म्हणाले, तर मी नेमकं काय म्हणायचं?

काळा_कोट

म्हणायचं, 'सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश आहे.' बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवरचा. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं की गुन्हा नोंदवायचाच, आणि मूल पळवलं किंवा विकलं गेलं असंच गृहीत धरून तपास सुरू करायचा. थांबा म्हणण्याची मुभा नाही. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातं. नोंदवून घेतलं नाही तर वरिष्ठांना लेखी कळवा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, फोनची वेळ लिहून ठेवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. आदेशाचं पहिलं पान छापून जवळ ठेवा, तोंडी सांगण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

न्यायवैद्यक

आणि फोटो. सहा महिन्यांच्या आतला, समोरून, एकट्याचा. उंची, अंगावरची खूण, दात कुठले पडलेत ते लिहून ठेवा. दातांची नोंद किती उपयोगी पडते ते मी बघितलं आहे.

पर्वतीपायथा

शनिवारी केलं. अभ्यासिकेच्या भिंतीवर खडूने उंचीच्या रेघा मारल्या आणि एकेका मुलाला समोर उभं करून मोबाइलवर फोटो काढले, ३४ मुलं. पडलेले दात, खुणा वहीत लिहिल्या. दौंडला सापडलेला तो मुलगा आता पोटापाण्याला लागलाय, तोच फोटो काढायला आला होता. सगळ्या आयांना एकेक प्रत दिली. आदेशाचं पहिलं पान दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे, चौकीचा आणि १०९८ चा नंबर त्याखाली मोठ्या अक्षरात.